पडद्याचं माप

एक होती शिंपीण. एक होता तिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करणारा. आणि एक होती त्यांची लेक. एका जागी घडीभर बसायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. घरात एवढीच माणसं. चौथं कोण, ते पुढे कळेल. दार लोटून घ्या रे, आणि असे जवळ सरका. ही काही रचलेली गोष्ट नाही. बाई आमच्या ओळखीतली, अजून धडधाकट आहे.

तिघं मोठ्या शहरात एका खोलीत राहत. जिन्याखाली शिंपिणीचं मशीन. गिऱ्हाइकं इतकी की सुईला दम खायला फुरसत नसे. पण खोली एवढीशी, एकाने कूस बदलली की तिघांनी बदलायची. पुढे धुराने भिंगरीलाच दम लागायला लागला, तेव्हा ठरलं, एखादं लहान गाव बघून तिथे बिऱ्हाड करायचं.

गावं तीन पाहिली. पहिलं हमरस्त्यावरचं; तिथे झोपेतसुद्धा हॉर्न वाजत. दुसरं शिंपिणीच्या मनात भरलं. भरला बाजार, दोन शाळा, म्हणजे दरसाल ढीगभर गणवेश शिवायचे. नवरा म्हणाला, "पाणी जड आहे इथलं. पोरीला सोसायचं नाही." तिसरं आडबाजूचं. एक लांब रस्ता, दोन्हीकडे झाडं, आणि टोकाला एक बैठं घर.

"मालक परदेशात असतो," नवरा म्हणाला. "मीही तुझ्यासारखाच पहिल्यांदा बघतोय. पण हवा बघ की!"

हवा खरंच छान होती. शिंपिणीने बारा वर्षांची गिऱ्हाइकं सोडली, जिन्याखालची जागा दुसरीला देऊन टाकली, परतीचा दोर कापला आणि आली. कशावर? नवऱ्याच्या शब्दावर.

घराला खोड एकच. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट बुटकी. सामान उतरवणाऱ्यांची डोकी आपटली. "वहिनी, पुढच्या खेपेला हेल्मेट घालूनच येतो!" एकजण कपाळ चोळत म्हणाला. शिंपिणीला पहिल्याच दिवशी दोन टेंगळं आली. नवरा तिच्यापेक्षा वीतभर उंच, पण त्याला एकही नाही.

"तुम्ही बरे वाचलात!" ती म्हणाली.

"घड्याळवाल्याची नजर आहे बाई," तो हसला.

बाजारात मात्र तो पाऊल टाकेना. "तूच जा. तुझ्या ओळखी व्हायला हव्यात." तिला वाटलं, आपल्या धंद्याची किती काळजी याला!

वाकायची आठवण राहावी म्हणून तिने त्या दाराला पडदा केला. टेपने माप घेतलं, चौकटीच्या वरच्या फळीला खिळ्यांनी टांगला. खालची कड जमिनीला टेकेल न टेकेल अशी. तिचं माप कधी चुकायचं नाही.

आता ती रात्र. राहायला आल्यानंतरचा पहिला शनिवार. आभाळात चंद्र नाही, वारा पडलेला. बारा वाजून गेले आणि वीज गेली. भिंगरी पाणी मागायला लागली. शिंपीण उठली, चाचपडत निघाली. हाताला पडदा लागला...

"डोकं सांभाळ."

बाईचा आवाज. अगदी कानाशी. मायेचा.

ती होती तिथेच वाकली. फळी केसांना घासून गेली.

भास असेल. झोपेत होतो आपण. तिने पेला भरला. वळली.

"डोकं सांभाळ."

पेल्यातलं पाणी हातावर सांडलं. ती कशीबशी खोलीत आली. भिंगरी पाणी न पिताच कमरेला बिलगली.

"अहो... उठा. आत कोणीतरी आहे."

नवरा अर्धवट झोपेत उठला. मेणबत्ती आत, ओट्यावर. तो काळोखातच चालू लागला. सरळ. भिंतीला हात नाही. मशीनला पाय नाही. पडदा सळसळला.

"डोकं सांभाळ."

आणि नवरा बोलला. झोपेतच. जरा वैतागून. रोजचं उत्तर द्यावं तसं.

"हो गं. माहीत आहे. दरवेळी काय सांगतेस..."

...

तो थांबला. काडी ओढल्याचा आवाज नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. त्याचा. आणि त्याच्याजवळ... आणखी एक.

"कोणाशी बोललात?"

काड्यापेटी जमिनीवर पडल्याचा आवाज.

"अहो... कोणाशी बोललात?"

शेवटी काडी पेटली. नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता. आत दुसरं कोणी नव्हतं. मग एकेक टाका उसवत गेला. परदेशातला मालक नव्हताच. घर याचंच. इथे याची पहिली बायको राहायची. "नोकरी लागली की बोलावून घेतो," म्हणून हा शहरात गेला, तो गेलाच. ती रोज दाराशी उभी राही. एका तापात संपली. निरोप गेला, तरी हा आला नाही.

"कधी गेली?"

"आपलं... ठरलं होतं तेव्हा."

"म्हणजे तुम्ही मला बघायला आलात, माझ्या आईच्या हातचा चहा प्यालात, तेव्हा ती इथे वाट बघत होती?"

तिने मेणबत्ती त्याच्या तोंडासमोर धरली.

"मग मला कशाला आणलंत इथे?"

"भाडेकरू टिकेनात. वाटलं... घरात बाई आली, मूल आलं, की ती जाईल."

लग्नापासून कधी झालं नव्हतं ते त्या रात्री झालं. अहोचं अरे झालं.

"राहायला नाही आणलंस तू मला. तिला हुसकायला आणलंस. माझ्या पोरीला पुढे करून! आणि तीन-तीन गावं उन्हातान्हात फिरवलीस रे, ताकास तूर लागू दिली नाहीस."

"नाही गं, ऐक..."

"मला गं म्हणू नकोस. तो गं आत्ताच तिला दिलास."

मेणबत्ती फरफरली. शिंपीण म्हणाली, "उजाडलं की नीघ. चावी ठेवून जा. तिने वाट बघितली. मी बघायची नाही."

उजाडलं. तो उठला. दारात वाकला, नेहमीसारखा, नेहमीएवढा.

खाड.

कपाळ धरून तो वर बघत राहिला. चौकट जणू त्याच्यापुरती खाली आली होती. त्या वेळी मात्र त्याला कोणी काही सांगितलं नाही.

लोक म्हणाले, "बाई गं, असल्या घरात एकटी राहतेस?" ती म्हणायची, "या घरात माझ्याशी खरं बोललेली ती एकटीच. तिला सोडून कुठे जाऊ?" वर्षभरात नवऱ्याने मुकाट्याने घर तिच्या नावावर करून दिलं. त्या दुसऱ्या, भरल्या बाजाराच्या गावातल्या दोन्ही शाळांचे गणवेश तिच्याकडे आले. ओसरीवर तीन मशिनं धडधडायला लागली. भिंगरीचा दम गेला तो गेलाच. पोर अशी वाढली की आईला मान वर करून बोलावं लागतं.

आणि तो पडदा... नवरा निघून गेला त्या सकाळी शिंपीण केर काढायला वाकली, तेव्हा पडद्याची कड जमिनीपासून चार बोटं वर होती. तिने टेप आणली. कापड मोजलं, होतं तेवढंच. शिवण तीच, खिळे तेच.

मग तिने दार मोजलं.

आज भिंगरी त्या दारातून ताठ मानेने ये-जा करते. पडदा अजून तसाच लोंबतो, जमिनीपासून चार बोटं वर.