खालची बाजू

अरे ऐका ना, मध्ये बोलू नका, नाहीतर मला सांगताच येणार नाही. त्या दिवशी आत्याचा फोन मी स्पीकरवर टाकला, तेव्हा तुम्ही सगळे हसला होतात ना? मीही हसले होते. सगळ्यांत मोठ्यांदा मीच.

माझा प्रयोग तुम्हाला माहितीये. दातात भरायचं पांढरं कॉम्पोझिट निळ्या लाइटने कडक करायचं. जुना हॅलोजन, साधा एलईडी आणि मॅडमनी आणलेला नवा झटपट एलईडी. तिन्हींखाली गोळीएवढ्या चकत्या करायच्या, मशीनच्या हिऱ्याच्या टोकाने दाबायच्या, मग मायक्रोस्कोपमधून चौकोनी खड्डा मोजायचा. खड्डा मोठा म्हणजे चकती मऊ. आधी वरची बाजू, मग उलटी करून खालची. खरी गोची खालीच असते, उजेड तिथवर पोचतच नाही.

हे मला तोंडपाठ. आणि तरी आत्याची दाढ भरताना मी काय केलं? पातळ थर द्यायचे, प्रत्येकाला वेगळा उजेड द्यायचा, ते सोडून एकच जाड गोळा कोंबला. हाताशी हॅलोजनच होता, तोही म्हातारा. तुम्ही कॅन्टीनमध्ये खोळंबला होतात ना. वरून टोचून पाहिलं, टिकटिक वाजलं. "झाला दगड," म्हटलं. उरलेल्या कॉम्पोझिटच्या त्याच लाइटखाली चकत्या केल्या आणि पळाले.

जिने मला लहानाचं मोठं केलं तिची दाढ, रे.

मग चकत्यांचा नंबर आला. एलईडीवाल्या सरळ निघाल्या. हॅलोजनवाल्यांची वरची बाजूही ठीक. एक उलटी केली, टोक दाबलं, मशीन नेहमीसारखं गुरगुरलं, टोक वर आलं. बघते तर काहीच नाही. गुळगुळीत. फोकस चुकला असेल म्हणून परत दाबलं. परत कोरं. चष्मिष, तुलाच बोलावलं ना मी? तू म्हणालास, "हिरा झोपलाय तुझा."

तुम्ही बाकीचेही जमलात, तेवढ्यात आत्याचा फोन वाजला.

"सोने, दाढेत सुई टोचल्यासारखं झालं गं. आत्ताच. दोनदा."

"आत्या, लाड करून घ्यायचे असले की सरळ सांगत जा!"

तुम्ही खो खो. तीही हसली. "बरं बाई, तू डॉक्टर," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढे रोज दुपारी मी तीच चकती दाबत राहिले, एका रेषेत, एकाशेजारी एक. ठसा काही उमटेना. आत्याचा फोनही येईना. मला बरंच वाटलं, खरं सांगते. काल घरी गेले तर ती एकाच बाजूने चावत होती.

"अजून टोचतं का गं?"

"दुपारचं टोचतं थोडं. तुझं काम चालू असतं, कशाला मध्ये त्रास द्यायचा?"

मी ताट बाजूला सारलं.

आज तिला आणून खुर्चीत बसवलं. तुम्हाला कुणाला हाक मारली नाही. तोंडच नव्हतं मला. भरलेलं कोरून काढायला गेले, तर अख्खा गोळाच सुटून हातात आला. वरून टणक. खालून नख रुतेल इतका मऊ. तिच्याकडे बघायची हिंमत होईना, म्हणून पाठ करून तो खुर्चीमागच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपखाली धरला, उलटा.

चौकोनी खड्डे. एका रेषेत. एकाशेजारी एक.

मशीन पलीकडच्या खोलीत होतं. बंद. कव्हर मीच घातलं होतं.

"आत्या," मी न वळताच म्हटलं, "चुकलं गं माझं."



शेवटच्या खड्ड्याशेजारी थोडी कोरी जागा होती. माझ्या डोळ्यांदेखत तिथे एक ठिपका खचला. कडा सरळ झाल्या. चौकोन झाला.

मागे खुर्ची करकरली.

"हळू गं, सोने," आत्या म्हणाली.

माझे दोन्ही हात मायक्रोस्कोपवर होते.