पोपटी ठिपक्याचं कुलूप

काम तसं किरकोळ होतं. बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यातला वीजबोर्ड उतरवायचा आणि निघेल ते तांबं भंगाराच्या गाडीत टाकायचं. वायरमनने सकाळीच बाहेरच्या खांबावरून लाईन तोडली होती, स्वतःच्या हाताने. दुपारी तो आत शिरला. पुढे साहेब.

साहेब तेच, जुने. कारखाना चालू होता तेव्हा मॅनेजर, बंद पडल्यावर त्याच्याच भंगाराचे दलाल. सगळ्या शहराचंच असं झालं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचा फुटलेल्या शेड उभ्या, माणसं देशोधडीला लागलेली, आणि ज्यांनी वाट लावली त्यांची पोटं अजून सुटतच होती. साहेबांची पाठमोरी चाल बघून वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 

आत वाळलेल्या रंगाचा आणि जुन्या तेलाचा वास कोंडला होता. अंधारात मधोमध रंगाची पूड दळणारा ड्रम, खोलीएवढा. याच ड्रममध्ये सापडून वायरमनचा धाकटा भाऊ गेला होता.

इथला एक नियम होता. ड्रम साफ करायला आत उतरणारा माणूस आधी बोर्डाचा दांडा ओढून लाईन बंद करायचा आणि दांड्याला आपलं कुलूप लावायचा. प्रत्येकाच्या कुलपावर त्याच्या त्याच्या रंगाचा ठिपका. बाहेर आल्यावर ज्याचं त्यानेच काढायचं. तरीसुद्धा लाईन सोडण्याआधी हाक मारायची, आणि "बाहेर आलो, सोड" हे ऐकल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. धाकट्याने हौसेने पोपटी रंग घेतला होता, म्हणून सगळे त्याला राघू म्हणून चिडवायचे आणि तो खुशाल हसायचा. चौकशीत साहेबांनी सांगितलं, पोरगा निष्काळजी होता, त्याने कुलूप लावलंच नव्हतं. आई तो डाग उराशी घेऊनच गेली.

"उभा काय राहिलास? लाव पाना," साहेब म्हणाले.

वायरमनने बॅटरीचा झोत बोर्डावर टाकला. दांड्याला कुलूप होतं. बोर्डावर बोटभर धूळ, पण कुलूप आत्ताच तेल दिल्यासारखं चकचकीत. त्यावर पोपटी ठिपका.

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

"हे... हे कसं असेल? हे तर मी स्वतः कापून..."

ते एक पाऊल मागे सरले.

"कापून?" वायरमनने झोत त्यांच्या तोंडावर फिरवला. "माझ्या आईसमोर शपथेवर काय बोललात? लावलंच नव्हतं म्हणालात ना?"

"माल अडकला होता रे... वरून दबाव होता. मला वाटलं, तो निघाला असेल..."

"मग हाक मारायची होती! एक हाक! जीभ झिजली असती तुमची?"

ठक्... ठक्...

आवाज ड्रमच्या आतून आला.

साहेब पांढरेफटक पडले, आणि मग एकदम चवताळले. "तूच कुणाला तरी आत बसवलंयस! माझ्याशी नाटकं करतोस?" बॅटरी हिसकावून घेत ते ड्रमच्या गोल दारापाशी वाकले आणि नाटक करणाऱ्याची मानगूट धरायला आत उतरले. लोखंडावर त्यांचे बूट घुमत गेले. मग थांबले.

"इथे... कोणीच नाही..."

वायरमनच्या मागे खट् झालं. त्याने वळून पाहिलं. फुटक्या काचांतून येणाऱ्या उजेडात कुलूप उघडून जमिनीवर पडलेलं दिसलं. आणि ज्या बोर्डाची लाईन त्याने सकाळी तोडली होती, त्या बोर्डावर लाईन आल्याचा लाल दिवा हळूहळू लागत होता.

मरू दे हलकटाला, असं त्याच्या मनात आलं, अगदी स्पष्ट आलं. पण अंगात मुरलेला नियम जातो कुठे? ड्रमकडे तोंड करून तो जीव खाऊन ओरडला, "साहेब! बाहेर या! आधी बाहेर या!"

ड्रममधून उत्तर आलं नाही.

उत्तर पाठीमागून आलं, अगदी कानाशी. चिडवल्यावर हसणाऱ्या, ओळखीच्या आवाजात.

"मी बाहेर आलो, दादा. सोड."