दुसरी गोळी

हे मी रचलेलं नाही. रचायचं असतं तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

तारीख पंधरा नोव्हेंबर २०१४, शनिवार. वेळ सकाळी नऊच्या पुढे. हो, सकाळची. लख्ख उजेडात घडलंय सगळं. जागा मिशिगनच्या उत्तर टोकाला, आमच्या शिकारी कॅम्पमागची सीडरच्या झाडांची दलदल.

आमच्याकडे पंधरा नोव्हेंबरला हरणाची शिकार खुली होते. त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळे जंगलात. आमचा कॅम्प म्हणजे एक लाकडी खोली, एक स्टोव्ह आणि मागे सौना, वाफेने अंघोळ करायची खोली.

त्या वर्षी मार्चमध्ये माझे बाबा गेले. नाव आर्विड. पण सगळे त्यांना 'एकगोळी आर्विड' म्हणायचे.

जंगलात गोळी वाजली की प्रत्येक कॅम्पात माणसं कान टवकारून मोजतात. एकच वाजली, तर हरीण पडलं. पाठोपाठ दुसरी, तिसरी वाजली, तर संध्याकाळी टिंगल ठरलेली. आणि हरीण साफ निसटलं, तर शर्टाचं मागचं टोक कापून, त्यावर नाव-साल लिहून भिंतीवर ठोकतात. आमच्या भिंतीवर रेइनो काकांची सात टोकं आहेत. माझी तीन.

बाबांचं एकही नाही.

आणखी एक रीत आहे. वर्षभरात कुणी गेलं, तर त्याची बंदूक त्याच्या मुलाने किंवा मुलीने पहिल्या दिवशी जंगलात न्यायची. बाबांच्या दोन होत्या. एक नवी, हलकी, ते शेवटपर्यंत वापरत होते ती. दुसरी जुनी, दाराच्या वर टांगलेली. १९८६ नंतर त्यांनी ती कधी काढली नाही.

मला ती जुनीच हवी होती.

तिचा दस्ता एका साळिंदराने कुरतडलाय. घामाचं मीठ चाटायला येतात ती. लहानपणी बाबा मला उचलून घ्यायचे आणि मी त्या दातांच्या खाचांत बोटं घालायचे. "त्याला माझा घाम आवडला बघ," म्हणायचे. त्या खाचा हाताला लागल्या की मला बाबा आठवतात. एवढंच कारण होतं. दुसरं काहीही नाही.

आदल्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढून ती काढली.

तेव्हाच पहिल्यांदा वास आला... कुजलेल्या आतड्यांचा.

"उंदीर मेला असेल छपरात," ओनी म्हणाला. ओनी म्हणजे बाबांचा जुना दोस्त, कॅम्पचा स्वयंपाकी आणि सगळ्यात मोठं तोंड.

रेइनो काका माझ्या हातातल्या बंदुकीकडे बघत होते. बाबांचे धाकटे भाऊ ते, मुळातच अबोल. पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"पोरी, ती राहू दे," ते म्हणाले. "त्याची नवी ने. नाहीतर तुझी स्वतःची ने."

"का?"

"अठ्ठावीस वर्षं टांगलेली आहे. निदान कागदावर दोन गोळ्या मारून नेम तरी बघ."

"दुर्बिणीचे स्क्रू बाबांनी बसवलेत, काका. ते हलू नयेत म्हणून वर पट्टीसुद्धा त्यांनीच चिकटवलीय. मी हात लावायची नाही."

"माणूस गेला, हेल्मी. स्क्रूत बसलेला नाही तो."

"एकगोळी आर्विडचा नेम तपासायचा?" ओनी ओरडला. "अरे, पाप लागेल पाप!"

सगळे हसले. मीही हसले. काका उठून बाहेर गेले.

शिकाऱ्याने बंदूक न तपासता जंगलात जाणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मला ते माहीत होतं. पण प्रेमापोटी केलेला मूर्खपणा माणसाला छान वाटतो.

सकाळी मी बाबांच्याच मचाणावर बसले. उणे नऊ. रात्रीचा ताजा बर्फ, त्यावर एक रेघ नाही.

नऊपर्यंत सगळं नेहमीसारखं होतं. खारी भांडत होत्या. पाखरं चिवचिवत होती.

मग एकदम सगळं थांबलं...

आणि तो वास आला.

शिकाऱ्याला हा वास ओळखता येतो. गोळी हरणाच्या पोटात लागली, कोठा फाटला, की येतो. आंबलेला, गोडसर. घशात चिकटून बसतो. पण सकाळपासून आसपास कुणी गोळी झाडली नव्हती.

हरीण सीडरमधून बाहेर आलं. मोठा नर, आठ टोकांची शिंगं. मान खाली घालून. पावलाचा आवाज नाही...

दुर्बिणीत मी पुढच्या पायामागची जागा धरली. हात स्थिर होता. श्वास सोडला, चाप ओढला.

हरणाची पाठ कमानीसारखी वर आली.

बस्. मला कळलं. छातीत लागली तर उडी मारतं. असं वाकतं ते पोटात लागल्यावर.

ते पळालं नाही. तसंच वाकून माझ्याकडे बघत राहिलं. मग हळूहळू चालत झाडीत गेलं.

पोटात लागलेल्या हरणामागे लगेच धावायचं नसतं. तासभर थांबायचं. थांबले. तो तासभर वास वाढतच गेला. मी मफलर नाकावर बांधला, तर मफलरलाच वास यायला लागला.

मग खाली उतरले. बर्फावर पांढरे केस होते. हिरवट-तपकिरी लगदा होता, त्यात अर्धवट पचलेल्या सीडरच्या काड्या.

पण खुरांचे ठसे नव्हते.

एकही नाही... माझ्या बुटांचे तेवढे.

बाबांनी मला एकच नियम पढवला होता. जखमी जनावर सोडायचं नाही. ते संपेपर्यंत मागे जायचं, मग रात्र होवो की गुडघाभर चिखल. म्हणून मी त्या घाणीच्या थेंबांमागे निघाले.

अर्ध्या वाटेवर आवाज ऐकू आला.

घुस्स... घुस्स...

तोंडावर फडकं दाबलं की माणूस जसा नाकाने श्वास ओढतो, तसा.

पडलेल्या झाडाच्या मुळामागे ते बसलं होतं. पोट उघडं. आतडी बर्फावर, आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या. उणे नऊमध्ये. सुपातल्या दाण्यांसारखा त्यांचा बारीक सळसळ आवाज येत होता.

डोळे मात्र जिवंत होते.

आणि त्याचं तोंड बांधलेलं होतं...

लाल-काळ्या चौकडीचं लोकरी कापड, थुतरीभोवती दोनदा गुंडाळून आवळलेलं. गाठ दुहेरी, आणि तिसरा वेढा उलटा. ती गाठ मला येते. मला ती बाबांनी शिकवली.

मी बंदूक उचलली. दहा पावलांवरून लहान मूलसुद्धा चुकणार नाही. दुसरी गोळी घातलेली होती. एक चाप ओढला की त्या बिचाऱ्याची सुटका.

आता जे लिहिते त्याची मला अजून लाज वाटते.

माझ्या मनात ओनी आला. कॅम्पात कॉफी ढोसत, कान लावून बसलेला. एकगोळी आर्विडच्या बंदुकीतून दोन गोळ्या? तीही पहिल्याच दिवशी? जन्मभर पुरेल एवढी टिंगल.

बोट थांबलं.

किती वेळ? तीन-चार श्वास असतील. माझे नाही, त्याचे. घुस्स... घुस्स...

हरणाने माझ्यावरची नजर काढून घेतली. हे उत्तर त्याला आधीच माहीत असल्यासारखं. मग ते उठलं, आतडी ओढत दलदलीत शिरलं. वरचा पातळ बर्फसुद्धा फुटला नाही.

मागे पाखरं पुन्हा चिवचिवायला लागली.

मी गेले नाही त्याच्यामागे.

कॅम्पात ओनी सुरी घेऊन दारातच उभा. "काय गं हेल्मी! एकच ऐकली आम्ही! काळीज कुठाय? कांदा चिरून ठेवलाय!"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हरीण नव्हतंच. नळीत बर्फ गेला होता. मोकळी करायला झाडली."

"बघा! आर्विडची पोर शोभते! नेम चुकेल कसा?"

स्टोव्हपाशी बसलेल्या रेइनो काकांच्या हातातला कप तिथल्या तिथे थांबला. त्यांनी माझी बाही धरली आणि सौनाच्या मागे नेलं.

"आत काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं.

"हेच शब्द," ते म्हणाले. "शब्दन् शब्द. शहाऐंशी साली, तुझा बाप त्याच दारात म्हणाला होता."

मग त्यांनी सांगितलं. बर्फात थुंकत थुंकत.

बाबांची गोळी पोटात लागली होती. हरीण पडलं आणि ओरडायला लागलं. बाबांनी दुसरी झाडली नाही. आसपासच्या सगळ्या कॅम्पांनी मोजली असती. स्वतःच्या शर्टाचं टोक कापून त्यांनी त्याचं तोंड बांधलं. सुरी गळ्यावर टेकवणार, तोच ते झटका देऊन उठलं आणि दलदलीत गेलं.

"मी झाडाआडून बघत होतो," काका म्हणाले. "तीन दिवस ते तिथे फुसफुसत होतं. जेवताना ऐकू यायचं. सगळे म्हणायचे, वाऱ्याने दार घासतंय."

"मग तुम्ही का नाही मारलंत?"

"मोठा भाऊ होता माझा. सगळा गाव त्याला मानायचा." त्यांनी तोंड पुसलं. "मी दार घट्ट लावून घेतलं."



मला बाबांची किळस आली. ज्या हातांनी मला दस्त्याच्या खाचा दाखवल्या, त्याच हातांची. 'जखमी जनावर सोडायचं नाही' हा नियम त्यांनी मला १९८६ नंतर शिकवला होता. आणि त्यांच्याहून जास्त किळस आली माझी. त्यांच्यावर निदान ती वेळ पहिल्यांदा आली होती. मला तर सगळं डोळ्यांसमोर मांडून पुन्हा विचारलं गेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी ती बंदूक कागदावर तपासली. स्क्रूंना हात न लावता तीन गोळ्या. तिन्ही बरोबर मध्यावर, बशीएवढ्या जागेतसुद्धा नाही, नाण्याएवढ्या. मग पोटात कशी लागली? मला माहीत नाही.

तेव्हापासून दर पंधरा नोव्हेंबरला मी तीच बंदूक घेऊन त्याच मचाणावर बसते. ती दुसरी गोळी झाडायला. हरीण येत नाही. नुसता वास येतो. ओनी सगळ्यांना कौतुकाने सांगतो, बापावर केवढा जीव आहे पोरीचा.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचा फोन आला. लिनेया बावीस वर्षांची आहे, दूर शहरात नर्स आहे.

"आई, यंदा रजा मिळालीय. मी येतेय कॅम्पला! आजोबांची बंदूक काढून ठेव. ती कुरतडलेली."

"माझी ने की. हलकी आहे."

"अंहं. आजोबांचीच. आणि दुर्बिणीला हात लावू नकोस हं, त्यांनी बसवलीय तशीच हवी मला."

सांगायची हीच वेळ होती. सगळं, पहिल्यापासून. मी तोंड उघडलं...

"बरं," मी म्हणाले. "काढून ठेवते."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात तो वास आला. बंदुकीच्या कपाटाकडून.

घुस्स... घुस्स...

आज अकरा तारीख आहे. चार दिवस उरलेत. रोज फोन हातात घेते, तिचा नंबर लावते, आणि ती "बोल आई" म्हणाली की तिकडे थंडी किती आहे ते विचारते.