छत्तिसावी फ्रेम

मोबाईल आधी खिशात घाला बघू. सूरज, तुला वेगळं सांगायला हवं का? लाईट यायला अजून तासभर तरी आहे, गच्चीवर वारा बरा आहे, आणि गोष्ट तुम्हालाच हवी होती. पण ही ऐकीव नाही. आपल्या कोपरीतलाच माझा मित्र मुकुल प्रधान, पलीकडच्या बिल्डिंगमधला, त्याच्या घरात घडलेली आहे. तिचं शेपूट तुमच्या या मधुकाकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

मुकुल डोंबिवलीला गेला होता तो एका साध्या कामाला. मामा वारल्यावर मामींनी कपाट आवरायला काढलं, त्यात एक जुना जपानी कॅमेरा निघाला. रोलवाला. "असल्या भंगाराचं वेड तुलाच, ने बाबा," म्हणाल्या. मुकुल विमा कंपनीतून निवृत्त झालेला, पण जीव सगळा रोलच्या फोटोंत. बाथरूममध्ये रोल धुवायचा, बेडरूममध्ये स्कॅन करायचा. रचना, त्याची बायको, म्हणायची, "आमच्याकडे आंघोळीचा नंबर केमिकलनंतर लागतो."

तिचं हे म्हणणं आधीचं. कॅमेरा आला त्या नोव्हेंबरात रचनाला हॉस्पिटलने घरी पाठवून दिलं होतं. कॅन्सर. आता करण्यासारखं काही नाही, घरीच राहू दे, असं सांगून. कमरेपर्यंत केस होते तिचे, एक उरला नव्हता. आठ महिने तिने कुणाला फोटो काढू दिला नव्हता. मुलीने, कादंबरीने, फोन उचलला की ही तोंडावर उशी धरायची.

आणि मुकुलला तर तिचा एक फोटो हवा होता. मी म्हटलं, अरे, अल्बम भरलेत की. तर म्हणाला, "मधु, त्या सगळ्यांत ती दुसऱ्याच कुणाकडे तरी बघतेय. माझ्याकडे बघतानाचा एक हवा. शेवटचा."

सतरा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. रविवार. सकाळी मुकुल कॅमेरा तपासायला चेंदणीच्या बंदरावर गेला. जुना कॅमेरा तपासायचा म्हणजे मोजपट्टी घेऊन बसायचं. होडी तीन मीटरवर, खांब पाच मीटरवर, प्रत्येक फ्रेमचा नंबर वहीत. या जातीच्या कॅमेऱ्याला बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारं भिंग वेगळं. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन. त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. रिंग फिरवायची, दोन्ही एकावर एक बसल्या की फोकस झाला. यात एक मेख आहे. भिंगावर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसत राहतं. झाकण लावून फोटो काढले नाहीत असा रोलवाला मला अजून भेटायचाय.

चोवीस फ्रेम बंदरावर झाल्या. बारा उरल्या. चारच्या सुमाराला घरी आला, तर रचना खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसलेली. त्या दिवशी जरा हुशारी वाटत होती तिला.

"काय रे, चालतो का तुझा खटारा?"

"धुतल्यावर कळेल."

"म्हणजे फोटो लगेच दिसत नाही?"

"नाही."

ती म्हणाली, "मग काढ माझा."

समोर उभं राहून मुकुलने चौकोनात तिला धरलं, रिंग फिरवली... दोन रचना काही एकावर एक बसेनात. एक बसली की दुसरी बाजूला उरायचीच. सकाळी तर नीट होतं! बिघडलं असेल, म्हटलं, आणि तो अंदाजाने काढत गेला. चौथ्या की पाचव्या फोटोला रचना म्हणाली, "मुकुल, जरा बाजूला हो ना."

"का गं?"

"हो तर."

तो सरकला. ती हसत होती. "अजून थोडा." तो अजून सरकला. रोल संपला.

गुरुवारी पहाटे रचना गेली.

आता पुढचं ऐका. दोन डिसेंबर, सोमवारची रात्र. दुसऱ्या दिवशी तेरावा. कादंबरी झोपायला जाताना म्हणाली, "बाबा, उद्या आईचा तोच फोटो लावूया ना? तुम्ही काढलेला?" रोल तसाच पडून होता, मुकुलला हात लावायचा धीर झाला नव्हता. साडेअकराला त्याने बाथरूमचा दिवा घालवला, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि अंधारात चाचपडत रोल डब्यात भरला. पुढचं सगळं घड्याळ लावून केलं. एक वाजता ओली फिल्म दिव्यासमोर धरली.

चोवीस फ्रेम झकास. होड्या, खांब, बंदराची भिंत.

पुढच्या बारा कोऱ्या. आरपार काच, म्हणजे भिंगातून उजेडच शिरला नव्हता; फोटो काढला तर नुसतं काळं.

न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला तो. झाकण! बंदरावरून निघताना लावलं असणार, घरी आल्यावर काढायचं राहिलं असणार. आठ महिन्यांनी बाईने एकदा हो म्हटलं आणि या शहाण्याने बारा वेळा झाकणाचा फोटो काढला. त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मला सांगताना पुन्हा मारली, मी हात धरला.

फिल्म वाळायला दोन वाजले. कोऱ्या पट्टीत काय मिळणार, त्याला कळत नव्हतं का? पण बुडत्याला काडीचा आधार. त्याने ती पट्टी स्कॅनरवर ठेवली, प्रकाश होता तेवढा वाढवला आणि लॅपटॉपसमोर बसला. या स्कॅनरवर चित्र खालून वर येतं. एकेक रेघ. सावकाश.

पंचवीस नंबर. काळं... काळं... मग दाणेदार करडं.

मग खोली.

त्याचीच खोली. कपाट, पॅसेजचं दार. आणि मधे तो स्वतः. कॅमेरा डोळ्याला लावलेला. खुर्चीतून दिसेल तसा.

रचनाला दिसला असेल तसा.

मुकुल म्हणतो, पहिल्यांदा भीती नाही वाटली. रडू आलं. कारण झाकण त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. काळी कडा वर आलेली स्पष्ट दिसत होती. म्हणजे चूक त्याची नव्हती! पण मग भिंग कुठे होतं? भिंगाच्या जागी काहीतरी फिकट होतं.

सव्वीस नंबर. फिकट ते जरा नीट दिसलं.

बोटं.

त्याच्या उजव्या खांद्यावरून पुढे आलेला एक हात. तळवा भिंगावर दाबलेला. अंगठा मधोमध. त्याचे स्वतःचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. मोजले त्याने. दोन.

आणि हा तिसरा.

मागे कोण ते दिसेना. त्याच्याच डोक्याआड होतं.

सत्तावीस. हात तिथेच. अठ्ठावीस. हात तिथेच. एकोणतीसला मुकुल चित्रात जरासा सरकला होता. "बाजूला हो ना"... तिने का म्हटलं ते आत्ता कळलं. त्याच्या कानामागे एक खांदा दिसत होता.

तीस. एकतीस. खांदा थोडा अधिक.

सान्वी, थांब. मधे बोलू नकोस.

पस्तीस. अर्धा दंड. मान... चेहरा अजून आड.

तीन वाजून दहा मिनिटं. घरात सगळे झोपलेले. छत्तीस नंबर लावला. याच फोटोला ती म्हणाली होती, अजून थोडा. म्हणजे यात तो पुरता बाजूला होता. म्हणजे यात...

खालून रेघा यायला लागल्या.

फरशी. त्याची पावलं.

शेजारी आणखी दोन पावलं. अनवाणी. हाडं दिसणारी.

रेघ. रेघ. कापड. कोपर.

त्याला पाठीमागे काही वाटलं नाही, आवाज नाही, थंडी नाही. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. फक्त ती पट्टी वर सरकत होती.

खांदा. गळा.

हनुवटी...

आणि मुकुलने लॅपटॉप फाडकन मिटला.

सकाळपर्यंत तो तसाच त्याच्यावर हात दाबून बसला होता. उजाडल्यावर उघडला. बारा काळ्या चौकटी. पुन्हा स्कॅन केलं. काळ्या. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवडाभर. काळ्या. तेराव्याला फोटोविनाच ताट वाढलं. जुना लावू म्हणाले लोक, त्याने लावू दिला नाही. भिंत अजून तशीच आहे.

पंधरा दिवसांनी कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. "ठेव तुझ्याकडे. घरात नको." मी चाळीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये मापाची यंत्रं दुरुस्त केलेली, हातात यंत्र आलं की बघणारच. भिंग दिव्यासमोर धरलं तर मधोमध एक डाग. फडक्याने पुसला. गेला नाही. स्पिरिटने पुसला. तरी नाही. डाग आतून होता. दोन काचांच्या मधे. पुढच्या रिंगच्या स्क्रूंवर कारखान्याचा लाल रंग जसाच्या तसा, पन्नास वर्षांत कुणी उघडलेलं नाही. मग मी उघडलं. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग लावून बघितलं. डाग नव्हता तो. अंगठ्याचा ठसा होता. मधून आडवी एक रेघ, जुना काप भरल्यावर राहते तशी.

मी मुकुलला दाखवलं. तो उठून घरी गेला, एक कागद घेऊन आला. हॉस्पिटलने रचनाला घरी सोडलं त्या दिवशीचा. पेन धरवत नव्हतं तिला, म्हणून सहीच्या जागी जांभळ्या शाईत अंगठा घेतलेला. मधून आडवी रेघ. "विळीवर कापलेला," मुकुल म्हणाला, "लग्नाच्या पहिल्या वर्षी."

मी दोन्ही शेजारी ठेवले. एकदा हे, एकदा ते. खूप वेळ बघत होतो.

मुकुल खुर्चीत बसला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"तीच होती रे, मधु... हनुवटीपर्यंत आली होती. आणि मीच मिटला."

ठसा अजून आहे. मी पुसायचं सोडून दिलंय.