नाश्त्याआधीची गोळी

मालूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे घामानं भरले होते. चेहरा दिसलाच नाही. फक्त हिरव्या बांगड्यांचा एक हात दिसला.

पेणहून रोह्याला मुलीकडे, पूजाकडे गेलो होतो. तिनं साखर तपासणीच्या शिबिराला पाठवलं. उपाशी यायचं होतं, तसा गेलो. पण सवयीनं गोळी गिळून निघालो. रांग लांब होती. हात थरथरू लागले.

"गोळी घेतलीत?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"व्हय."

"आनि खाल्लं?"

"रक्त द्यायचंय ना..."

तिनं पिशवीतून दोन लिमलेटं काढून माझ्या तळहातावर ठेवली. "चावा."

"मला साखर हाय, बाई."

"मला पन हाय. म्हनून तर जवळ ठेवते. खा मुकाट्यानं."

दोन्ही खाल्ली. हळूहळू ती दिसायला लागली.

"आता दिसताय तुमी," मी म्हणालो.

"कशी दिसते?" असं विचारून ती लगेच दुसरीकडे बघायला लागली.

ती मालू, रोह्याजवळच्या निडीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. डॉक्टरांनी मला नावानं बोलावून समजावलं, उपाशी तपासणी असेल तेव्हा ही गोळी नंतर, खाण्याबरोबर. मागून ती म्हणाली, "ऐकलंत ना, जगनभाऊ?" निघताना नंबर तिनंच मागितला. "पेनला पोचलात की कळवा. वाटेत पडाल कुठं."

पोचलो, कळवलं. मग बोलणं होत राहिलं. एकदा तिला सांगितलं — चंद्रावती, माझी बायको, जिवंत होती तेव्हा तांब्याच्या झाकणावर गोळी ठेवायची आणि तव्यावर भाकरी टाकायची. मी गोळी घेईपर्यंत भाकरी फुगायची. ती गेल्यापासून सकाळी तवाच तापत नाही. कधी गोळी बुडते, कधी खाणं.

मालू म्हणाली, "उद्यापासून फोन चालू ठेवून खायचं. मी पन खाते."

तेव्हापासून रोज तेच.

"घेतली?"

"घेतली."

"मग चावल्याचा आवाज येऊ दे."

भात कापून झाला, वालाला शेंगा आल्या. एका सकाळी तिचा आवाज पडलेला होता.

"जगनभाऊ, उद्यापासून फोन नको. जाऊ विचारते, सकाळी सकाळी कोनाशी हसतेस."

"काय सांगितलंस?"

"...काय सांगू?"

फोन ठेवला. रात्रभर तेच डोक्यात. पहाटे उठून दोन भाकऱ्या भाजल्या, फडक्यात बांधल्या आणि निडीची गाडी धरली. गोळी खिशात होती.

ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत होती. जाऊ अंगण झाडत होती.

"तुमी? हितं?"

"फोन नको म्हनालीस ना."

"लोक बघतात हो..."

"बघू दे. जावेला सांग, हा मानूस नाश्त्याला आलाय. तू हो म्हनालीस तर जन्मभर तुझ्यासोबत नाश्ता करील. नाय म्हनालीस तर भाकरी ठेवून जाईल."

जावेचा झाडू थांबला. मालूनं फडकं सोडलं.

"ही भाकरी हाय की फाटलेलं पायपुसनं?"

"मीच केली."

ती उठून आत गेली. मी चपला घालायच्या की नाही, या विचारात उभा... ती बाहेर आली. हातात दोन ताटल्या आणि तांब्या. तिनं हात पुढे केला.

"द्या."

मी गोळी दिली. तिनं ती माझ्या ताटलीच्या कडेला ठेवली. चंद्रावती झाकणावर ठेवायची. मी थोडा वेळ खालीच बघत राहिलो. तिनं बघू दिलं.

मग हळूच म्हणाली, "बसा, जगन. आधी गोळी."

भाऊ म्हणायचं ती विसरली. मीही आठवण करून दिली नाही.