हेमराजच्या नावाची मोटर

"बापाच्या तेरवीले पोरगी पाने-पक्कड घेऊन बसते का? अवो, लोक काय म्हनतीन!"

देवकाबाईंचा आवाज अंगणातल्या मांडवाभर घुमला आणि पानं मांडणाऱ्या बायांचे हात थबकले. रुपा जळक्या मोटरीसमोर उकिडवी बसली होती, हातात पाना होता. आत्याबाईंचं तरी काय चुकत होतं? त्यांच्या सख्ख्या भावाची, रुपाच्या बाबांची, भय्याजींची तेरवी होती... पण बांधीतलं, भाताच्या खाचरातलं, उन्हाळी धान निसवलं होतं, लोंबीत दूध भरायचे दिवस होते आणि सकाळीच विहिरीवरची मोटर धूर सोडून बंद पडली होती. एप्रिलच्या त्या उन्हात दोन दिवस पाणी तुटलं तर लोंब्या पोचट होतात, हे भय्याजींच्या लेकरांना कोणी सांगायला नको होतं. आजच्या दिवशी ताईला कसं म्हणावं, म्हणून धाकटा भाऊ भूपेंद्र साऱ्या सिहोऱ्यात मिस्त्री शोधून रिकाम्या हातानं परतला होता. मग रुपाच उठली होती. तुमसरच्या आपल्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानातून तार, कागद, वार्निश आणायला तिनं त्याला पिटाळलं होतं आणि पहिला बोल्ट सैल केला होता.

पण आता दुसऱ्या बोल्टाशी हात अडखळला. जे नऊ वर्षं आपल्याशी एक शब्दही बोलले नाहीत, त्यांच्या मोटरीला हात लावायचा आपल्याला हक्क आहे का?

बारावीत ती दोनदा नापास झाली, तेव्हा भय्याजी भरल्या घरात म्हणाले होते, "हिच्या डोक्यात नुसता भुसा भरला हाय!" पुस्तकातली सूत्रं तिच्या डोक्यात टिकत नसत, हे खरंच होतं. पण चौदाव्या वर्षी जळकी मोटर घेऊन ती बाबांसोबत तुमसरला गेली, तेव्हा मिस्त्रीच्या टेबलाशी चार तास उभी होती. तहानेची शुद्ध नव्हती. कोणत्या खाचेतून निघालेली तार कोणत्या खाचेत शिरते, एका कॉइलला किती वेढे बसतात, हे एकदा पाहिलं ते कायमचं मनात कोरलं गेलं! पाठ कर म्हणून कोणी दटावलं नव्हतं. पुढे तिनं हट्टानं आयटीआय केलं, दुकान थाटलं, आणि भय्याजींनी तोंड फिरवलं. सणासुदीला ती येई, पायांवर डोकं ठेवी. ते गोठ्याकडे पाहत बसत.

आणि तरीही दर दोन वर्षांनी शेजारचे हेमराजभाऊ 'माह्यी मोटर जळली' म्हणत दुकानात हीच मोटर आणून टाकत! वेल्डिंग केलेला तिचा मागचा पाय रुपानं पहिल्याच वेळी ओळखला होता. बाबांना स्वतःच्या नावानं मोटर धाडायचीसुद्धा लाज वाटते... हा काटा तिनं मुकाट्यानं गिळला, आणि दर वेळी त्या मोटरीत लवकर जळू नये म्हणून कागदाचा एक थर जास्तीचा घातला.

"देवकाबाई, पोरीले कायले बोलून राहिले?" मांडवातून हेमराजभाऊ उठून आले. "भय्याजीच्या मोटरीले दुसऱ्याचा हात लागला नाही, नऊ वर्सांत! मीच तर नेत होतो तुमसरले."

"मले माहीत हाय, भाऊ," रुपा खालच्या मानेनं म्हणाली. "लाज वाटे त्यायले माह्यी."

"लाज?" म्हातारा खाली बसला. "अवो बाई, म्या इचारलं होतं त्याले, का बाप्पा, सोताच्या पोरीपाशी माह्या नावानं काहून धाडतं? तर म्हने, 'माह्यी मोटर म्हनून समजलं तर पोरगी दुसऱ्यायचं काम बाजूले ठेवन. तिच्या दुकानात नंबर लागते. बापापायी लोकायचा नंबर मोडाले नोको.' अन् मोटर आली का मले हात धरून विहिरीवर नेये. म्हने, 'आयक! कसा आवाज हाय! म्या हिच्या डोक्यात भुसा हाय म्हनलं, हेमराज... जिथं जीव लागला तिथं पोट्टीले शिकवाच लागलं नाही.'"

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तोंड नोयतं त्याले. इतक्या वर्सांचं कसं काढन मानूस तोंडातून?"

रुपाच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले... आणि त्याच वेळी, कुठल्या खोल जागेतून कोण जाणे, असा अभिमान दाटून आला की तिला छाती भरून श्वास घ्यावा लागला!

भूपेंद्रनं सामान आणलं. जळकी तार निघाली, खाचा साफ झाल्या, कागद बसला, आणि नव्या तांब्याच्या तारेचे वेढे पडू लागले. बोटं आपसूक चालू लागली. मांडव, पंगत, लोकांच्या नजरा, सगळं दूर गेलं. आणि ध्यानीमनी नसताना ती गुणगुणू लागली. देवकाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या, तशी ती शरमून गप्प झाली.

"थांबली काहून?" आत्याबाईंचे डोळे ओले होते. पदर खोचून त्या शेजारी बसल्या. "तू गानं गाय. वेढे मी मोजतो. कितीक झाले?"

"अडतीस पाहिजेत, आत्याबाई. बावीस झाले."

"तेवीस," देवकाबाई म्हणाल्या.

वार्निश उन्हात वाळलं. दिवस कलताना मोटर विहिरीवर बसली आणि भूपेंद्रनं बटण दाबलं. दुकानात रुपा मोटर टेबलावर दोन मिनिटं रिकामी चालवून देत असे. पाणी ओढणारी, भाराखाली दमदार एकसुरात चालणारी आपली मोटर तिनं कधी ऐकलीच नव्हती. पाइपातून पाण्याचा लोट बांधीत पडला. ती शेताच्या बांधावर, धुऱ्यावर टेकली, तसेच काळे हात मांडीवर ठेवून, आणि नऊ वर्षं भय्याजींनी जे ऐकलं होतं, ते ऐकत राहिली.