पाचवी मेणबत्ती

हे घडलेलं आहे. घडत आहे, असं लिहिलं तर जास्त बरोबर होईल.

माझा भुताखेतांवर विश्वास नव्हता. म्हणून जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो. अर्थ लावायला जात नाही.

दिवस ११ डिसेंबर २०२३, सोमवार. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. जागा मुदखेड. जंक्शनच्या मागच्या अंगाला माझ्या सासऱ्यांचं घर आहे, तिथे.

माझी बायको शुलमिथ. घरात शुला. तिचे वडील आरोन झिराडकर रेल्वेत गार्ड होते. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्रायली ज्यू. नोकरीने मुदखेडला आले आणि इथलेच झाले. आजूबाजूला दुसरं ज्यू घर नाही. सण आले की हा एकटा माणूस ते करायचा, मुलीला सोबत घेऊन.

आम्ही उदगीरचे लिंगायत. लग्नाच्या वेळी अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, एकच हरकत घेतली होती.

"पोरगी लई उंच हाय. माझ्या लेकापेक्षा चार बोटं वर. फोटोत कसं दिसंल?"

"अव्वा, मी फोटोत बसते ना," शुला म्हणाली होती. अव्वा हसली, आणि लग्न ठरलं.

शुला खरंच उंच. सासऱ्यांच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा ठोकलेला आहे. लहानशी लाकडी डबी, आत प्रार्थनेची गुंडाळी. येता-जाता तिला हात लावून बोटं ओठांना लावायची. बाबा स्वतः ताडमाड. त्यांनी ती आपल्या मापाने ठोकली, जरा वरच. मला टाचा उचलाव्या लागतात. शुलाचा हात बोलता बोलता, न बघता तिथे पडायचा.

नोव्हेंबरात बाबांचा श्वास बिघडला. लातूरला दाखवलं. काही दिवस ठेवून डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. फुप्फुसं संपलीत, म्हणाले. घरी न्या. आम्ही दोघं आणि अव्वा मुदखेडला येऊन राहिलो.

शुलाचा भाऊ बेनी इस्रायलमध्ये, अश्दोदला. तिकडे युद्ध. तिकीट काढलं की विमान रद्द. पुन्हा काढलं, पुन्हा रद्द.

बाप गेल्यावर मुलाने कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हणायची असते. बाबांना त्याचीच काळजी. मास्क बाजूला करून ते एकच विचारायचे.

"बेनी निघाला?"

"निघतोय बाबा."

शुला मागच्या अंगणात जाऊन रडायची. अव्वा तिच्या पाठीवरून हात फिरवायची. "तुमच्यासारखं आपल्यात बी मातीच देतात, शुले. तू त्याची काळजी करू नको. पोरगं येईस्तोवर थांबतीत तुझे बाबा."

"थांबले पाहिजेत, अव्वा. काहीही करून थांबले पाहिजेत."

तेवढ्यात हनुक्का आला.

फार पूर्वी यरुशलेमच्या मंदिरात एका दिवसापुरतं तेल उरलं होतं आणि ते आठ दिवस जळलं. त्याचा हा सण. आठ संध्याकाळी खिडकीत मेणबत्त्या लावायच्या, रोज एक वाढवत. शिवाय एक वेगळी, जरा उंचावर. तिला शमाश म्हणतात, म्हणजे सेवक. तिने बाकीच्या पेटवायच्या.

नियम एकच, आणि तो कडक. ओळीतल्या मेणबत्त्यांकडून काम करून घ्यायचं नाही. बाबा शुलाला लहानपणापासून सांगायचे, "या उजेडात सुईत दोरासुद्धा ओवायचा नाही. काम सांगायचं ते शमाशला."

त्या सोमवारी पाचवी संध्याकाळ होती.

शुलाने पाच लावल्या. बाबा पलंगावरून बघत होते. ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.

आणि लाईट गेली.

मशीन बंद पडलं.

मी मोबाईलचा टॉर्च लावून अडीअडचणीला ठेवलेल्या सिलिंडरची चावी शोधू लागलो. कायम सिलिंडरलाच बांधलेली असायची. दोरी होती... चावी नव्हती.

"मल्लू," शुला म्हणाली. "बाबांचा श्वास लागत नाही हाताला."

खिडकीतून वारा आला. शमाश विझली. बाकीच्या पाच जळत राहिल्या.

शुलाने हात पुढे केला आणि ओळीतली शेवटची मेणबत्ती उचलली. पाचवी.

मी पाहिलं. बाबांच्या मुलीने, सगळं ठाऊक असताना, ती उचलली.

तिने ती बाबांच्या नाकासमोर धरली. श्वास असेल तर ज्योत हलेल.

ज्योत ताठ होती.

"शुले, पोरी..." अव्वा म्हणाली. "राहू दे आता."

शुलाने ऐकलं नाही. ती ज्योतीशी बोलत होती. हळू, दात आवळून.

"बेनी येईपर्यंत. एवढं काम कर. माझं काय घ्यायचं ते घे."

काही झालं नाही.

मग... ज्योत वाकली.

बाहेरच्या बाजूला नाही. आत. बाबांच्या नाकाकडे ओढली गेली, जणू कुणी ती पिऊन घेत होतं.

मग सरळ झाली. पुन्हा आत वाकली. बाबांची छाती हलत होती.

लाईट आली. चावी सिलिंडरखालीच पडलेली होती. अव्वा भिंतीला टेकून खाली बसली आणि गळ्यातलं लिंग मुठीत धरून बसून राहिली.

शुलाने मेणबत्ती तिच्या जागी ठेवली. थोड्या वेळाने चार संपल्या, एकामागून एक.

पाचवी संपली नाही.

सकाळी मी पाहिलं. जळत होती. आणि जेवढी होती तेवढीच होती. खाली मेणाचा एक थेंब नाही. वर काचेला काजळी नाही. वास नाही. एक्स्प्रेस धडधडत गेली की त्या घरातली भांडीसुद्धा वाजतात... ज्योत हलली नाही.

डॉक्टर येऊन गेले. "नाडी चांगली आहे. कमाल आहे," म्हणाले.

शुला पहिल्यांदा हसली. सहाव्या संध्याकाळी तिने पाचवीच्या शेजारी नव्या मेणबत्त्या लावल्या. सातव्या, आठव्या संध्याकाळीही. त्या सगळ्या वेळेत संपल्या. सण संपला. पाचवी तशीच.

मशीन काढलं तरी बाबांचा श्वास चालू होता. एकसारखा. खोकला नाही, घरघर नाही. झोपेतही नाही, जागेपणीही नाही. आणि ते बोलत नव्हते. बेनी निघाला का, हेही विचारत नव्हते.

एक दिवस अव्वा शुलाला म्हणाली, "अगं, निऱ्या किती खाली सोडल्यास? काठ लोळायलाय धुळीत."

"नेहमीसारख्याच नेसले, अव्वा."

"मग मी काय आंधळी हाय?"

शुलाने खाली पाहिलं. काठ जमिनीवर लोळत होता. तिने तो उचलून खोचला आणि कामाला लागली.

थकली आहे, वाकून चालते आहे, असं मी मनाला सांगितलं.

डिसेंबर सरताना बेनी आला. हैदराबादला उतरून गाडीने थेट मुदखेडला. बापाच्या पायांवर डोकं ठेवून रडला.

बाबांनी डोळे उघडले. बेनीकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. ओठ हलले.

"विझवा."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. पुढे ते बोलले नाहीत.

बेनी खिडकीपाशी गेला. "ही कसली? सण तर केव्हाच झाला."

शुलाने सगळं सांगितलं. तो तिच्यावर ओरडला. "बाबांनी काय शिकवलं होतं तुला? मी आलोय ना आता? विझव ती!"

"तू विझव."

बेनीने तोंड पुढे नेलं. बराच वेळ तसाच उभा राहिला. मागे बाबांचा श्वास चालू होता. बेनीने मान फिरवली.

"मला नाही होणार."

"मग मला सांगतोस? मी माझ्या बापाला फुंकर मारू?"

चार दिवसांनी त्याची रजा संपली. नांदेड स्टेशनवर गाडीत चढताना तो थांबला.

"मल्लिकार्जुन, मी शुलाला सहा वर्षांनी बघतोय. एक विचारू? ती... आधीपासून एवढीच होती?"

गाडी हलली.

त्या दिवशी घरी आलो आणि शुलाशेजारी उभा राहिलो. तिचे डोळे माझ्या डोळ्यांसमोर होते. लग्नापासून मी तिच्याशी मान वर करून बोलत आलो होतो.

मी ठरवलं. बाबांनी स्वतः मागितलं आहे. पाप लागलं तर मला लागू दे.

दुपारची वेळ. अव्वा शेजारी गेली होती. शुला न्हाणीघरात अंघोळ करत होती. बादलीत तांब्या बुडत होता, पाणी पडत होतं. पलंगावर बाबांचा श्वास. हे दोन आवाज, बाकी घर शांत.

मी फडकं ओलं केलं. खिडकीपाशी गेलो. फडकं ज्योतीवर नेलं.

मागे श्वास थांबला.

हे अपेक्षित होतं. मी डोळे मिटले. आणखी खाली नेलं.

न्हाणीघरातला आवाजही थांबला...

तांब्या नाही. पाणी नाही. काहीच नाही.

"शुला?"

उत्तर नाही.

"शुला!"

मी फडकं झटक्यात मागे घेतलं. बाबांनी श्वास ओढला. आणि न्हाणीघरात तांब्या फरशीवर पडल्याचा आवाज झाला.

"काय रे? ओरडतोस कशाला?" ती आतून म्हणाली.

त्यानंतर मी त्या खिडकीजवळ गेलेलो नाही.

हे जानेवारीच्या शेवटी लिहितो आहे. मुंबईच्या एका वयस्कर हजानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, फोनवर सगळं सांगितलं. असं कधी ऐकलं नाही, म्हणाले. अव्वा तिच्या स्वामींकडे जाऊन आली. त्यांनी विभूती दिली. ती शुलाच्या कपाळाला लावताना अव्वाला आता हात वर न्यावा लागत नाही. अव्वा बुटकी आहे. ती लावते आणि बाहेर जाऊन पदर तोंडात धरते.

शुला मात्र खुशीत असते. बाबांना भरवते, त्यांचं अंग पुसते, त्यांना जुन्या गाड्यांच्या गोष्टी सांगते. बाबा छताकडे बघत असतात. कधी कधी त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी येतं.

मी चौकटीवर रेघ मारून ठेवलेली नाही. मोजायची हिंमत नाही.

काल संध्याकाळी ती बाजारातून आली. दारात पिशवी खाली ठेवली. सवयीने, न बघता, मेझुझाकडे हात उचलला.

हात रिकाम्या लाकडावर पडला.

तिने वर पाहिलं. टाचा उचलल्या. पुन्हा उचलल्या. बोटं पुरली नाहीत. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. आत, खिडकीत, ती मेणबत्ती ताठ जळत होती.

मग ती माझ्याकडे वळली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"मल्लू, तेवढा पाट आण ना इकडे."

मी पाट आणला.